खिडकीवर जमा झालेला काळजाचा तुकडा

“डॉक्टरसाहेब, हे प्रथिन जर दिवसभर नुसतं पटलाला चिकटून बसत असेल, तर त्याला पगार कोण देतं?”

प्रश्न नवाराच्या तोंडून निघाला असला तरी तो तिचा नव्हता. तो रीहामने शोधून काढला होता आणि मुनीराने त्यावर पैज लावली होती: विचारलास तर उसाच्या रसाचा मोठा पेला, नाही विचारलास तर परीक्षेपर्यंत भित्री भागूबाई. झिफ्ता गावातल्या मुलींच्या शाळेत मागच्या वर्षापर्यंत नवाराला हजेरी देतानाही घाम फुटत असे. यंदा मात्र तिने करड्या रुमालाला रजा देऊन डोक्याला लिंबाच्या रंगाचा रुमाल बांधला होता, सकाळच्या रांगेपुढे माईकवर बातम्या वाचायला सुरुवात केली होती, आणि या दोन गोष्टींमुळे आपल्याला आता जगात कुणीही अडवू शकत नाही अशी तिची खात्री झाली होती.

व्याख्यानाला आले होते डॉक्टर बहगत, काळीज व पटल संस्थेचे संचालक. त्यांनी आपली उभी हयात एका प्रथिनावर घालवली होती. ते म्हणाले, मुलींनो, प्रत्येक पेशीला एक पटल असतं, घराला भिंत असते तसं. काही प्रथिनं या पटलाला आतून चिकटतात, बाहेरून आलेला निरोप आत पोचवतात आणि काम झालं की सुटून जातात. काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, कर्करोगात मात्र ही प्रथिनं सुटतच नाहीत. बाहेरून निरोप येवो न येवो, ती पटलाला धरून बसतात आणि आत ओरडत राहतात: वाढा, वाढा, वाढा! म्हणून गाठ वाढते.

आणि इथे नवारा उठली.

सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापिकाबाईंना खोकला आला. डॉक्टर बहगत तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “प्रश्न वेतनविषयक आहे,” ते म्हणाले, “संबंधित विभागाकडे पाठवतो.”

आणि त्यांनी तो खरोखरच पाठवला. यथावकाश शाळेला संस्थेच्या शिक्क्यानिशी उत्तर आलं: ‘सदर प्रथिन आमच्या आस्थापनेवर नसल्याने त्याचे वेतन आमच्याकडून निघत नाही. प्रथिन रोजंदारीवर असल्यास कंत्राटदाराकडे चौकशी करावी.’ मुनीराने उसाचा रस पाजला. प्रकरण तिथे मिटलं असं तिघींनाही वाटलं.

नवाराचे वडील शहाताकाका झिफ्त्याच्या स्टेशनाबाहेर गाडीवर काळीज-पाव विकत. वासराचं काळीज, लसूण, हिरवी मिरची, वरून लिंबू. वास असा सुटायचा की गाडी सुटली तरी माणसं पाव सोडत नसत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या स्वतःच्या काळजात गाठ निघाली. जुनी कावीळ औषधांनी जाऊन वर्षं झाली होती, पण जाताना ती ही भेट ठेवून गेली होती.

“अरे नवाराच्या बापा,” आई इनशिराह डोळे पुसत म्हणाली, “जन्मभर लोकांना काळीज खाऊ घातलंस, स्वतःचं तेवढं सांभाळता आलं नाही?”

“गिऱ्हाइकाला ताजं द्यायचं म्हणून शिळं घरी ठेवलं,” शहाताकाका म्हणाले.

संस्थेतल्या तरुण डॉक्टरणीने नीट समजावलं. नवं औषध आलं होतं. ते बरोबर त्या चिकटणाऱ्या प्रथिनावर जाऊन बसतं. पण तेच प्रथिन यांच्या गाठीत आहे की नाही, ते आधी बघायला हवं. त्यासाठी सुईने काळजाचा बारीकसा तुकडा काढायचा, तपासायचा, आणि प्रथिन सापडलं तर लगेच औषध सुरू. “मात्र लवकर,” ती म्हणाली. “गाठ मोठ्या रक्तवाहिनीजवळ आहे. आत शिरली तर मग औषधाचा उपयोग नाही.”

तुकडा निघाला. सुतळीच्या टोकाएवढा होता. तो बाटलीत बसून एका दाराने गेला, आणि त्याची नोंद करायला शहाताकाका दुसऱ्या दाराने खिडकीवर गेले. एका बाजूने त्यांना नवाराने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने इंजेक्शनच्या गुंगीने.

खिडकीत मदाम कवसर होत्या. संस्थेची इमारत बांधली तेव्हा आधी मदाम कवसर बसल्या आणि मग त्यांच्याभोवती भिंती उभारल्या, असं लोक म्हणत. खिडकीच्या काचेला खाली अर्धचंद्रासारखं भोक होतं. त्यातून कागद आत जात आणि, कागद लवकर बाहेर यावेत म्हणून, इतरही काही आत जाई. शहाताकाकांनी रीतीप्रमाणे काळीज-पाव सरकवला, मिरची कमी, लोणचं जास्त.

मदाम कवसरनी पावाचा वास घेतला, मग डॉक्टरणीची चिठ्ठी वाचली. “शहाताच्या काळजाचा तुकडा, पटल-प्रथिनाच्या तपासणीसाठी. बरं. तुकडा कुठंय?”

आता झिफ्त्यात काळजाचा तुकडा म्हणजे दुसरं काय असणार? मूल जन्मल्यापासून त्याला याच नावाने हाक मारतात. शहाताकाकांनी गुंगीतच नवाराच्या लिंबूरंगी रुमालावर हात ठेवला आणि म्हणाले, “हा काय. एवढा एकच आहे हो मला.”

“नाव?”

“नवारा.”

“लांबी?”

नवाराला वाटलं, नातेवाइकांचीही नोंद करतात. “पाच फूट दोन इंच.”

“डॉक्टरांनी जरा जास्तच काढलाय,” मदाम कवसर टंकत पुटपुटल्या. “वजन?”

“ते मी सांगणार नाही.”

“वजन: गोपनीय,” मदाम कवसर म्हणाल्या आणि कळ दाबली. यंत्र गुरगुरलं. नवाराच्या मनगटावर नमुन्याची पट्टी चढली.

थोड्या वेळाने बाटली आली. मदाम कवसरनी ती उजेडात धरून पाहिली. “हे कुणाचं?”

“बाबांचं! हाच तर तो तुकडा!” नवारा ओरडली.

“शहाताचा तुकडा जमा झालाय. एका रुग्णाचा एकच तुकडा. हा बेवारस.”

“अहो मदाम, मी मुलगी आहे! तुकडा म्हणजे, लाडाने म्हणतात तसा तुकडा!”

“लाडाने की कशाने, हा रकाना यंत्रात नाही. जमा झालेला नमुना रद्द करायचा तर एकतर त्याची तपासणी व्हावी लागते, नाहीतर तो नष्ट व्हावा लागतो. तुला कुठलं सोयीचं?”

बाटली बेवारस कपाटात गेली. नवारा घरी गेली ती नमुना होऊन.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या लक्षात आलं की शहाताचा नमुना घरी जातो, जेवतो, शाळेचा अभ्यास करतो. हे गंभीर होतं. नमुना थंडाव्यात ठेवायचा असा नियम होता. तेव्हा नवाराने रोज सकाळी शीतगृहात हजर व्हावं असा आदेश निघाला.

“स्वेटर घाल,” आई म्हणाली. आईचा सरकारी आदेशांना एवढाच विरोध असे.

बाहेर जूनचं ऊन, घरोघरी वीज गेलेली, आणि शीतगृहात गारेगार. तिसऱ्या दिवशी रीहाम आणि मुनीरा पुस्तकं घेऊन आल्या. दारावरच्या माणसाने विचारलं, तुम्ही कोण? मुनीरा म्हणाली, आम्ही आमच्या आयांच्या काळजाचे तुकडे. त्याने आत सोडलं.

“मजा आहे बाई तुझी,” रीहाम बर्फासारख्या भिंतीला गाल लावून म्हणाली.

“मजा कसली? बाबांची बाटली तिकडे कपाटात पडलीये. औषध तिच्यावर अडलंय.” नवाराचा आवाज माईकवर कधी हलत नसे, तो इथे हलला. मुनीराने स्वतःचा स्वेटर तिच्या खांद्यावर टाकला.

शेवटी प्रकरण डॉक्टर बहगतांपुढे गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तूच ना ती पगारवाली?”

“हो सर. तेव्हा मी प्रश्न होते. आता नमुना आहे. बढतीच म्हणायची.”

“चूक झाली असेल,” डॉक्टर बहगत विचारपूर्वक म्हणाले, “पण चूक यंत्रात गेली की ती वस्तुस्थिती होते. काळजी करू नकोस. मी समिती नेमतो.”

जिवंत नमुना समिती बसली. पहिल्याच बैठकीत सदस्यांमध्ये मतभेद झाले: नमुन्याला बोलू द्यावं की नाही? मतभेद मिटवायला समितीचे दोन भाग झाले. एका भागाने थंडाव्याची उपसमिती काढली, दुसऱ्याने मेणाची. कारण नियम असा की तपासणीआधी नमुना मेणात बसवायचा आणि केसाहून पातळ काप काढायचे.

“मेण लावायचं असेल तर मी घरी साखरेचं करून देते,” आईने उपसमितीला निरोप पाठवला. “बाहेरचं स्वच्छ नसतं. आणि पायांनाच लावा, हातांना नको, पोर रडते.”

मेण उपसमितीने साखरेच्या मेणाचा अभ्यास करायला आणखी एक उपसमिती काढली. नमुना शाळेत शिकतो म्हणून शिक्षण उपसमिती निघाली. उपसमित्यांना खोल्या हव्या झाल्या. आधी वाचनालय गेलं, मग नमाजाची खोली, मग बायकांचा वॉर्ड, मग पुरुषांचा. खाटा व्हरांड्यात आल्या. तपासणीची वाट बघत संस्थेत भरती झालेले शहाताकाका आधी व्हरांड्यात होते, पुढच्या आठवड्यात ते जिन्याच्या वळणावर आले. तिथे त्यांना वारा चांगला लागे, पण वर जाणारे सदस्य त्यांच्या पायांवरून जात.

“संस्था वाढते आहे!” डॉक्टर बहगत जिन्यावरून उतरता उतरता अभिमानाने म्हणाले.

“गाठही वाढते आहे, सर,” मागून तरुण डॉक्टरणीचा आवाज आला. तिच्या हातात नवा फोटो होता. ती नवाराजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “रक्तवाहिनीला टेकली आहे. अजून आत नाही शिरली. पण आता थोडेच दिवस.”

शहाताकाकांनी ऐकलं नसल्याचं नाटक केलं. “नवारा,” ते म्हणाले, “मदाम कवसरना आजचा पाव दिलास का? देत राहायचं हं. आपला कागद वर राहतो.”

रोज एक पाव जात होता. आई आता एकटी गाडी चालवत होती, सगळ्यात चांगलं काळीज बाजूला काढत होती, आणि नवारा ते खिडकीवर पोचवत होती. आजचाही तिच्या हातात होता, गरम, कागदातून तेल सुटलेला. ती जिन्याच्या पायरीवर उभी राहिली आणि तिला एकदम डॉक्टर बहगतांचं व्याख्यान आठवलं. पटलाला चिकटून बसलेलं. निरोप नसताना ओरडणारं. सुटता सुटत नाही असं. आणि औषध? औषध त्याला ओढून काढत नाही. ते नुसतं जाऊन त्याच्यावर बसतं. तेही चिकटतं. बास.

नवाराने पाव स्वतःच खाल्ला. मग शीतगृहातलं स्टूल उचललं, खिडकीपाशी नेलं, अर्धचंद्राला पाठ घट्ट लावली आणि बसली.

समोर रांग होती. कुणाच्या हातात आंबे, कुणाच्या हातात तुपात भाजलेला, पदरी पोळीसारखा फतीर, कुणाकडे मसाला भरलेलं कबूतर. सगळं हवेत अडलं.

“ए पोरी, बाजूला हो ना!”

“मी पोरगी नाही, काका. नमुना आहे.” नवाराने मनगट वर केलं. “मला हलवायला समितीचा ठराव लागतो.”

रखवालदार आला, पट्टी वाचली, आणि परत गेला. नमुन्याला विनाहातमोजे हात लावायला बंदी होती, आणि हातमोजे हातमोजे उपसमितीच्या कुलपात होते.

“अगं, माझा फतीर थंड होतोय!” एक म्हातारी कळवळली.

“मग खा, आज्जी. तुम्ही केव्हापासून उपाशी उभ्या आहात?”

म्हातारीने विचार केला. असा विचार या रांगेत आजवर कुणी केला नव्हता. मग तिने फतीर मोडला आणि आजूबाजूला वाटला. आंबेवाल्याने आंबे कापले. दुपारपर्यंत रांगेत सहल भरली होती, आणि काचेमागे मदाम कवसर एकट्याच उपाशी होत्या.

“नवारा,” काचेमागून आवाज आला. त्यांनी पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली होती. “नवारा बेटा. मिरचीचा वास येतोय गं.”

“येणारच. मघाशी खाल्लाय.”

“असं नको करूस. मी काय मुद्दाम करते? मी नुसती बसते. वरून कुणी मला सांगितलंच नाही कधी, की आता उठ म्हणून.”

“मग बाबांची बाटली सोडा.”

“कशी सोडू? नमुना रद्द होत नाही.”

“रद्द नका करू.” नवारा मान न वळवता म्हणाली. “नमुन्याचं नाव काय आहे?”

“नवारा शहाता.”

“आणि बेवारस बाटलीला?”

“तिला नाव नाही.”

“मग तिला द्या ना माझं! बाबांच्या काळजाचा तुकडा, नाव नवारा. जमा झालेला तोच. बेवारस राहीन मी.”

 मग काचेमागून खूप वर्षांत न ऐकलेला एक आवाज आला: खुर्ची मागे सरकल्याचा. मदाम कवसर उठल्या होत्या. रांगेतल्या काहींनी तर बोटांनी डोळे चोळले.

पुढचं सगळं सुरळीत झालं, कारण कागदोपत्री काहीच बदललं नव्हतं. ‘नवारा शहाता, पाच फूट दोन इंच, वजन गोपनीय’ अशी पट्टी सुतळीच्या टोकाएवढ्या तुकड्याला लागली. तुकडा मेणात बसला, त्याचे पातळ काप निघाले, आणि हवं ते प्रथिन सापडलं. त्याच आठवड्यात शहाताकाकांना औषध सुरू झालं. आंब्यांचा मोसम संपायच्या आत डॉक्टरणीने नवा फोटो दाखवला: गाठ रक्तवाहिनीपासून मागे हटली होती. इनशिराह आधी रडली, मग तिने सगळ्या जिन्याला सरबत वाटलं. जिवंत नमुना समिती मात्र बरखास्त झाली नाही. नमुना गेला कुठे, याचा तपास ती अजून करते आहे.

शाळेला पत्र आलं: ‘आपली विद्यार्थिनी नवारा शहाता ही दहा वर्षांसाठी मेणात जतन करण्यात आली आहे. सबब तिच्या गैरहजेरीबद्दल कारवाई करू नये.’ रीहामने ते पत्र सकाळच्या रांगेत माईकवर वाचून दाखवलं. नवारा पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

शुक्रवारी शहाताकाका घरी गादीवर टेकून बसले होते. रंग परत आला होता, आवाजही. आणि घर माणसांनी भरलं होतं, कारण नवाराची खिडकीशी ओळख झाल्याची बातमी गल्लीत पसरली होती. शेजारच्या तफीदामावशी नवऱ्याच्या पोटाचे फोटो घेऊन आल्या होत्या. “आमचे हे रांगेत उभे राहिले तर चक्कर येऊन पडतील. नवारा जाईल ना उद्या मदामकडे?”

“जाईल म्हणजे? धावत जाईल!” शहाताकाका म्हणाले. “माझ्या काळजाच्या तुकड्याला तिथे कोण नाही म्हणेल?”

“पण रांगेतल्या बाकीच्यांचं काय?” नवाराने विचारलं.

“बाकीच्यांचं काय ते बाकीचे बघतील,” तफीदामावशी म्हणाल्या. “व्यवस्था किती सडलीये बघतेस ना? म्हणून तर ओळख लागते.”

आई स्वयंपाकघरात पाव बांधत होती. एक पुढच्या तपासणीसाठी. एक तफीदामावशींसाठी. एक समोरच्या न्हाव्याच्या आईसाठी. दोन अशाच, असू द्यावेत म्हणून. पाव वाढत होते. तसा निरोप कुठूनही आला नव्हता.

नवारा दारात उभी राहून बघत होती. मग तिने लिंबूरंगी रुमाल नीट केला, जसा ती माईकपुढे जाताना करत असे, आणि घसा साफ केला.

“आई, बाबा, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चिकटून बसणाऱ्याला पगार आपण देतो. रोज, गरम गरम, मिरची कमी, लोणचं जास्त. म्हणून मी ठरवलंय. उद्यापासून आपल्या घरातून खिडकीवर एकही पाव जाणार नाही. बाबांच्या तपासणीला मी येईन, रांगेत सगळ्यात मागे उभी राहीन, आणि वेळ पडली तर पुन्हा स्टूल टाकून बसेन. आणि माझी ओळख ज्यांना हवी असेल त्या सगळ्यांना सांगा, मावशींना सांगा, गल्लीला सांगा, आणि मदाम कवसरची गोष्ट ऐकून जे आत्ता पोट धरून हसताहेत, पण ज्यांच्या पिशवीत कुठल्या ना कुठल्या खिडकीसाठी काहीतरी बांधून ठेवलेलं आहे, त्यांनाही सांगा: नवारा शहाता मेणात आहे. दहा वर्षं भेटायची नाही.”